दादारावांची दुनळी

दादाराव गजभिये अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी विद्यापीठात माती तपासायचे आणि माणसांना नापास करायचे. त्यातही शिकारीतला जोडीदार केदार, तो तर दरवर्षी नापास. केदार पुण्याचा, आयटीतला, हातात नवीकोरी ऑटोमॅटिक बंदूक. दादारावांकडे मात्र तीस वर्षांची दुनळी.

२००६च्या ऑक्टोबरात अर्ल नावाच्या शेतकऱ्याने दोघांना निरोप धाडला : या मोसमापासून माझ्या शेतात शिकारीला बाहेरचा एकच माणूस येईल. कोण, ते शनिवारी बघून ठरवतो. बावीस वर्षं त्याच्या मक्यात दादारावांनी फेझंट मारले होते, रानकोंबड्यासारखी लांब शेपटीची पाखरं. दुसरं शेत त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यात शनिवारी बायकोची, रमाबाईंची ड्यूटी, गाडी त्यांच्याकडे. जावं लागलं केदारच्याच गाडीने.

"काका, ही म्युझियममध्ये द्या ना यार! दोनच गोळ्या?"

"दोन नळ्या, दोन चाप. जवळच्या पाखराला मोकळी नळी, छर्रे पसरतात. लांबच्याला आवळलेली. तुझ्या एका नळीला काय कळतं जवळ-लांब?"

"माझी अडकत तरी नाही."

"मागच्या वर्षी कोण दाताने काडतूस ओढत होतं?"



शेताच्या कुंपणाशी अर्ल उभा होता. दादारावांनी सवयीने दुनळी मधोमध मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, हातावर टाकली. दोन्ही नळ्यांतून पलीकडचं आभाळ दिसत होतं. अर्लने नुसती मान हलवली. मग केदारला विचारलं, रिकामी आहे?

"ऑफ कोर्स," केदार म्हणाला आणि दाखवायला बंदुकीच्या बाजूचा खटका मागे ओढला. लाल काडतूस टुणकन उडून अर्लच्या बुटावर पडलं.

अर्लने ते उचलून केदारच्या खिशात घातलं आणि दादारावांसाठी फाटक उघडलं.

"तुम्हीच त्याला शिकवून ठेवलं असणार!" केदार फणकारला.

"मला शिकवता येत असतं तर आधी तुलाच नसतं का शिकवलं?"

मक्यातून पहिला फेझंट उडाला. पहिली नळी हुकली; दुसरीने तो लांबवर पाडला. पक्षी घेऊन, छाती फुगवून दादाराव रस्त्यावर आले, तर केदार गाडी घेऊन पसार. भाकरीचा डबाही गाडीतच गेलेला.

अर्लच्या घरून फोन केल्यावर तीन तासांनी, ड्यूटी संपवून, रमाबाई गाडी घेऊन आल्या. काच अर्धीच खाली केली.

"मोडून ठेवलीय ना?"

दादारावांनी मुकाट्याने दुनळी उघडून दाखवली. मगच रमाबाईंनी गाडीचं दार उघडलं.