साडूच्या पुढे पोहताना

माझा साडू मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा. माळशिरसला खतांचं दुकान, गळ्यात चेन आणि चाळिशी उलटल्यावर लागलेला ट्रायथलॉनचा नाद. पोहायचं, लगेच सायकल मारायची आणि लगेच पळायचं, सगळं एका दमात. हा नाद मला आधी लागला होता. मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मेन्टेनन्सला आहे. पहिल्या शिफ्टच्या आधी अंधारात विजापूर रोडला सायकल काढायची, सुटीला पळायचं, असं तीन वर्षं चाललं होतं. साडूला या शर्यतीबद्दल मीच फोनवर सांगितलं. महिन्याभरात त्यानं माझ्या सायकलीच्या निम्म्या वजनाची सायकल घेतली.

पाऊस सरून तलाव भरले की आमचा सीझन सुरू होतो. पहिली शर्यत शहराबाहेरच्या तलावात होती. पाण्यावर नारंगी फुगे सोडलेले, ते उजव्या हाताला ठेवत फेरा मारायचा. मी जोरात सुटलो आणि थोड्या वेळानं मान वर काढली तर फुगा कुठल्या कुठे. होडीतला माणूस शिट्टी फुंकून मला बोलावत होता. असं चार वेळा झालं. मी पोहायला शिकलो विहिरीत. गोल विहीर, कडेकडेनं डावीकडे वळत फेऱ्या मारायच्या, लहानपणापासून एवढंच केलेलं. मला वाटत होतं मी सरळ चाललोय, आणि अंग आपलं विहीर शोधत डावीकडे वळत होतं. साडू माझ्या अकरा मिनिटं आधी आला.

हरल्याचं मी गिळलं असतं. पण दिवाळीत करकंबला, सासुरवाडीत, सगळे पंगतीला बसलेले असताना त्यानं आमटीत बोट बुडवलं आणि मी कसा पोहलो त्याची रेघ ताटात काढून दाखवली.

"हितनं निघालं पाव्हणं, आन् हे बगा, असं गेलं पार बांधाकडं. होडीवाला म्हनला, ह्यास्नी वर घ्यायचं का?"

मेहुणे हसले. सासरे ठसका लागेपर्यंत हसले. वाढता वाढता माझी बायकोही हसली, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. मग साडूनं स्वतःची युक्ती सांगितली. "आपन डोकं लावतो की. पुढच्याचं तळवं बगत जायाचं. पानी त्यो कापतो, आपन मागनं सुकात. मान वर काढून फुगा बगायचीबी गरज न्हाय." मी बासुंदी संपवली. त्याचं ते बोलणं मात्र मनात पक्कं ठेवलं.

कारखान्यातल्या एका सोबत्याची मोहोळच्या बाजूला डाळिंबाची बाग आहे. तिथलं शेततळं लांबट चौकोनी. आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्यावरून पाय घसरतो, एकट्यानं वर येता येत नाही. म्हणून बायको दर रविवारी माझ्याबरोबर यायची, दोर धरून काठावर उभी राहायची. पलीकडच्या काठावर तिनं एक लाल बादली ठेवली होती. दहा हात मारायचे, मान काढायची, बादली बघायची. सुरुवातीला मी कागदाला जाऊन धडकायचो. दोन महिन्यांत नीट बादलीसमोर निघायला लागलो. ती खूश झाली आणि तिनं बहिणीच्या घरी फोन करून सांगितलंसुद्धा.

मला नुसतं सरळ पोहून भागणार नव्हतं. साडूला चारचौघांत तोंडघशी पाडायचं होतं. सायकल मारताना, पळताना, मशिनला ग्रीस लावताना मी तेच घोळवत होतो.

दुसरी शर्यत त्याच तलावात होती. पाण्यात उतरताना मीच त्याला म्हणालो, "साडूभाऊ, माझ्यामागं या. आता चुकत नाही मी."

"व्हय, मेव्हणी म्हनली फोनवर. लई सुधारलाय म्हनं," तो म्हणाला आणि खरंच माझ्या मागे येऊन उभा राहिला.

पहिल्या फुग्यापर्यंत मी त्याला नाकासमोर नेलं. त्याची बोटं अधूनमधून माझ्या तळव्यांना लागत होती. फुग्याला वळसा घातल्यावर मी थोडा डावीकडे सरलो. मग आणखी थोडा. बाकीचे उजवीकडे लांब गेले, होड्याही त्यांच्याबरोबर गेल्या. तलावाच्या ऐन मध्यावर आलो तेव्हा मी जोर लावून पाय मारले आणि दुसऱ्या फुग्याकडे सुटलो. मागून एकदा "ओ पाव्हणं" असं ऐकू आलं. मी वळून बघितलं नाही.

तो पाण्यातून सगळ्यांत शेवटी निघाला. त्याची ती हलकी सायकल मला गाठू शकली नाही. शर्यत संपवून मी केळं सोलत उभा राहिलो, तो लंगडत येताना बघायला. केळं फार गोड लागलं.

त्याच संध्याकाळी करकंबला सासऱ्यांच्या शेतात हुरडा होता. आगटीभोवती सगळे बसले होते आणि साडू हरल्याची बातमी आधीच पोचली होती. मी सुखानं कणसं चोळत होतो. मेहुण्यानं विचारलं, "दाजी, झालं काय?"

साडू म्हणाला, "काय हुनार. मदी गेल्यावर मान काढली तर चारी बाजूंनी पानी. हातपाय गार पडलं. पोरींची तोंडं दिसली मला." मग माझ्याकडे हात केला. "ह्येंचा दोष न्हाय. जुनी सवय, वळलं डावीकडं. बिचारं दोन म्हैनं झटलं, तरी जाईना. हसू नका कुनी."

सासरे हसलेच. आता मी खरं सांगितलं तर साडूला मध्यावर सोडून आलेला माणूस ठरणार होतो, आणि गप्प राहिलो तर विहिरीतला बेडूक. संताप झाला.

बायको शेंगाचटणी वाढत होती. तिला राहवलं नाही. "न्हाय ओ दाजी," ती म्हणाली, "सरळ जात्यात हे आता. मी सोता काठावर हुबी ऱ्हाती. गेल्या चार रविवारात एकदाबी बादली..."

ती तिथेच थांबली. माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, आणि तिला जे कळायचं ते कळलं.

"माजंच चुकलं, दाजी," ती म्हणाली. "मी तुमाला फोन करायला नको हुता."

"अगं, तुजी कसली चूक?" साडू म्हणाला.

तिनं त्याच्या ताटात चटणी वाढली, मेहुण्याच्या ताटात वाढली आणि माझं ताट ओलांडून पुढे गेली.