एकविसाचे वीस किलोमीटर

मंगळवारी माझा नवरा गेला. सोळाव्या दिवशी मी वर्कशॉपला परत आले.

ठाण्यात, कोलशेतच्या बाजूला, मी गाड्यांचं डायग्नोसिस बघते. जी गाडी बाकीच्यांना कळत नाही, ती माझ्याकडे येते. त्या दिवशी टेबलावर एकच जॉब कार्ड होतं. जॉब कार्ड म्हणजे गाडीचा केसपेपर. कस्टमरची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहायची, असा आमचा नियम आहे. लिहिलं होतं: ‘ॲव्हरेज चोवीसवरून एकोणीस. गाडी जड चालते. रस्ता कमी झाला आहे. गाडीत आवाज येतो, वडिलांसारखा.’

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

गाडी हायब्रिड होती. हायब्रिडमध्ये पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असतात. हळू चालताना इंजिन आपोआप बंद होतं आणि गाडी मोटरवर, काही आवाज न करता पुढे जात राहते. सवय नसलेल्या माणसाला ते जरा विचित्र वाटतं.

मालक नीलेश, डोंबिवलीच्या पलीकडच्या एका गावातला. शेताच्या जागी आता बिल्डिंगी उभ्या आहेत. गाडी त्याच्या वडिलांची. वडील चार महिन्यांपूर्वी गेले.

“मॅडम, शनिवारी कळव्याची पार्टी येतेय गाडी बघायला,” तो म्हणाला. “फॉल्ट निघाला तर ठेवतो. नाय निघाला तर देऊन टाकतो. बायको बसतच नाय गाडीत. मुलं घाबरलीयेत.”

“आणि आई?”

त्याने मागे बोट दाखवलं. गाडी लिफ्टजवळ उभी होती आणि पुढच्या सीटवर, डाव्या बाजूला, त्याची आई बसून होती. उतरायला तयार नव्हती.

“ती म्हणते गाडी विकलीस तर मी जेवणार नाय. रोज अर्धा तास फिरवायला लावते. सिग्नल नको म्हणते, हळू चालव म्हणते. इंजिन बंद झालं की ऐकत बसते.”

मी खिडकीशी गेले. “काकी, रस्ता कमी झाला म्हणजे काय?”

त्यांनी मला नीट बघून घेतलं. “लेक टिटवाळ्याला दिलीय. ह्ये गेटवर ट्रिपचा आकडा शून्य करायचे. लेकीच्या बिल्डिंगखाली वाचून दाखवायचे. एकवीस. दर वेळी एकवीस. आता वीसच येतात. रस्ता त्योच, बाय. मी मोजलाय.”

पेट्रोल जास्त लागतंय आणि रस्ता लहान होतोय. एवढ्या वर्षांत ही तक्रार मी ऐकली नव्हती.

मी क्रमाने गेले. स्कॅनर लावला, एकही फॉल्ट कोड नाही. बॅटरीचे सगळे ब्लॉक एकसारखे. बॅटरीला हवा देणाऱ्या पंख्याची जाळी स्वच्छ. गाडी लिफ्टवर घेण्यासाठी काकींना उतरवावं लागलं. त्या लिफ्टखाली उभ्या राहून वर बघत राहिल्या. चारही चाकं हाताने फिरवली. ब्रेक कुठे धरत नव्हता. दारावरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा आणि चाकांतली हवा जुळली.

“बाहेर कुठे काम केलंय का गाडीचं?” मी विचारलं.

“काहीच नाय,” नीलेश म्हणाला. “बाबा गेल्यावर कोणी हातच नाय लावला.”

वर्क्स मॅनेजर येऊन गेले. “मॅडम, एनटीएफ टाका आणि सोडा.” एनटीएफ म्हणजे नो ट्रबल फाउंड, काही सापडलं नाही. “तुम्ही आजच आलायत, लोड घेऊ नका.”

“टेस्ट ड्राइव्ह घेते, मग सांगते,” मी म्हटलं.

मी चालवत होते, काकी शेजारी, नीलेश मागे. दुपारची वेळ, खाडीच्या बाजूचा रस्ता मोकळा. तिसाच्या खाली इंजिन बंद झालं. काचा वर होत्या, एसी बंद. आणि खालून, पायांच्या खालून, आवाज सुरू झाला. तोंड मिटून कुणी गुणगुणावं तसा. वेग थोडा वाढवला की सूर वर जायचा, कमी केला की खाली यायचा. मी पाय उचलला. हायब्रिड अशा वेळी लांबपर्यंत आपल्याच वेगात पुढे जात राहते. ही गेली नाही. कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी थांबली.

“आयकलंस?” काकी म्हणाल्या. “ह्ये गाडी चालवताना असंच करायचे.”

मागून नीलेश म्हणाला, “आई, बस ना आता.”

इंजिन सुरू झालं आणि आवाज त्याखाली दबला. घरी पंधरा दिवस मीसुद्धा असंच कान देऊन बसले होते. तिथे फ्रिजचा आवाज होता, बाकी काही नाही.

परत येताना मी फोनवर जीपीएस लावलं. मीटरने दहा किलोमीटर दाखवले तेव्हा फोनने साडेदहा दाखवले. रस्ता कमी झाला नव्हता. गाडी कमी मोजत होती. गाडी अंतर मोजते ते चाकाच्या फेऱ्यांवरून. चाक मोठं झालं तर तेवढ्याच रस्त्यात फेऱ्या कमी होतात, आकडा कमी पडतो.

वर्कशॉपच्या दारातच गाडी थांबवली आणि फडकं घेऊन खाली बसले. टायरच्या बाजूला साइज कोरलेली असते. हवा मी बघितली होती, साइज नव्हती. गाडीचा मूळ टायर १८५/६०. हा १९५/६५. रुंद, उंच, जाड गोट्यांचा, म्हणजे रबराचे मोठे ठोकळे असलेला. चारही तसेच.

“टायर कधी बदललेत?”

“नाय बदलले,” नीलेश म्हणाला, मग स्वतःच वाकून बघायला लागला. “हे आमचे नायत.”

त्याने चुलतभावाला फोन लावला. त्याचं शीळ रोडला टायरचं दुकान. फोन स्पीकरवर होता.

“दादा, गाडीचे टायर तू बदललेस?”

“हो मग. दहाव्याला नदीवर दगडानं एक फाटलेला ना. तुम्ही सगळे पाण्यात होतात. मी गाडी नेली, चारी टाकले, आणून लावली. काकांच्या गाडीला एक नवा, तीन जुने कसे ठेवू?”

“सांगितलं नाहीस, अरे चार महिने!”

“सुतकात केलेलं बोलून दाखवतात काय रे? तुझ्या बापानं माझ्या बापाच्या वेळी बोलून दाखवलेलं?”

“आणि साइज?”

“तुमच्या रोडचे खड्डे बघितलेस? तगडे टाकले, टेम्पोवाले नेतात तसे.”

मी त्यांना समजावून सांगितलं. फिरताना टायरचं रबर दर फेरीला दबतं आणि सुटतं. त्यात ताकद जाते. हायब्रिडला कंपनी मुद्दाम सहज घरंगळणारे टायर देते. तिचं अर्धं कौशल्य पाय उचलल्यावरही पुढे जात राहण्यात आणि ब्रेकवर वीज परत मिळवण्यात असतं. जड, जाड टायर घातले की इंजिन लवकर सुरू होतं आणि जास्त वेळ चालतं. त्यात मीटर अंतर कमी मोजतं, म्हणून ॲव्हरेज आहे त्याहून वाईट दिसतं. आणि जाड गोट्या डांबरावर आपटून गुंजतात. पेट्रोल गाडीत तो आवाज इंजिनखाली बुडून जातो. इथे इंजिनच बंद.

बोलताना मी काकींकडे बघायचं टाळत होते.

“मना ठावं व्हतं,” त्या म्हणाल्या.

“काय, आई?”

“चाकांचा आवाज हाय ते. मी काय येडी हाय? माणूस माझ्या हातावर गेला. पण तसाच व्हता, म्हणून आयकत व्हते.”

 नीलेशने कळव्याच्या पार्टीला फोन करून शनिवारचं रद्द केलं. “टायर काढू ना ग, आई?” त्याने विचारलं. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं होतं, ‘राहू दे’ म्हणतील.

टायर काढायच्या आधी मी त्यांना आणखी एक चक्कर मारून आणलं. जॉब कार्डवर तिची नोंद नाही. खाडीपाशी इंजिन बंद झालं. आम्ही दोघी ऐकत राहिलो.

मूळ साइजचे टायर संध्याकाळपर्यंत बसले. मॅनेजरांनी कार्डावर एनटीएफऐवजी कारण लिहिलं. तेव्हापासून मी ‘बाहेर काम केलंय का’ हे विचारते, पण उत्तरावर थांबत नाही. आधी खाली बसून टायरची साइज वाचते. गाडीला कुणी हात लावला नाही, असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. त्यांना माहीत नसतं.

गाडी अजून त्यांच्याकडेच आहे. तेवीसच्या आसपास देते. सगळे बसतात. इंजिन बंद झालं की आत कसलाही आवाज नसतो.