बुजगावण्याची कावीळ

आजाऱ्याच्या खाटेभोवती औषधांपेक्षा किस्से जास्त जमतात. भेटायला येणारा रिकाम्या हाताने येतो, पण रिकाम्या तोंडाने येत नाही. बाबा दीड वर्ष काविळीने पडून होते, त्यामुळे माझ्याकडे पोतंभर किस्से आहेत. मी तेव्हा खामगावचं कॉलेज अर्धवट सोडून घरी बसलो होतो. ऐकायला मोकळाच.

*

कावीळ खरं तर दोघांना झाली. बाबांना आणि धाकट्या काकाला, एकाच महिन्यात. डॉक्टर तेच, इंजेक्शन तेच, ग्लुकोज तेच. पथ्यही तेच : तेल नाही, तिखट नाही.

बाबांनी ते शब्दन्‌शब्द पाळलं. काका मला दुसऱ्याच आठवड्यात उंद्रीच्या बाजारात भज्यांचा पुडा घेऊन बसलेला दिसला.

"काका, पथ्य?"

"चालूच आहे ना बे. मिरची काढून खाऊन राह्यलो."

महिन्याभरात काका ठणठणीत. बाबांचे डोळे मात्र हळद.

*

पारावरच्या म्हाताऱ्यांचे पुढारी नाना. शिक्षण चौथी, मत प्रत्येक गोष्टीवर. खाटेशी बसून ते बाबांना म्हणाले, "तू चोरून खात असशील."

मी म्हणालो, "नाना, चोरून खाणारा तिकडं वखर हाकून राह्यला."

"मोठ्यायच्या मधात बोलू नको पोट्ट्या."

मोठ्यांचं बोलणं संपायची वाट मी अजून पाहतो आहे.

बाहेर पडल्यावर नानांनी गावभर सांगितलं, पिवळ्या माणसाच्या मळ्यातली भाजी खाऊ नका. झालं. आमची वांगी झाडावरच जून व्हायला लागली. आई तिन्ही त्रिकाळ वांगीच रांधायची. बाबांना आजाराचं नव्हतं इतकं त्या वांग्यांचं लागलं. भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "मी बरा झालो तरी घेईन का कोणी?"

*

मी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांशी भांडलो. एकाला लागू पडतं, एकाला नाही, हे कसलं औषध?

डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, "रात्री राखणीला शेतात जागल्या ठेवता ना? रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या तशाच. मी फक्त गोफण देतो, फिरवायची त्यांनीच. तुझ्या काकाचा जागल्या पहिल्याच दिवशी ओरडत उठला. बाबांचा ओरडून ओरडून थकला असावा."

"मग त्याले उठवायचं कसं?"

"ते मला माहीत नाही."

"माहीत नाही" म्हणणारा मोठा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. त्या दिवशी मी त्यांना वाकून नमस्कार केला. ते घाबरले.

*

मग नानांनी माळ आणली. ओल्या मुळीचे तुकडे दोऱ्यात गाठवलेले. डोक्यावर ठेवायची, ती वाढत वाढत बेंबीपर्यंत उतरली की कावीळ उतरली. बाबांची माळ पाच दिवसांत बेंबीशी आली. डोळे पिवळे ते पिवळेच.

"कावीळ उतरली," नाना म्हणाले. "पिवळा रंग मागून उतरते."

तो रंग उतरायला वर्ष गेलं. औषध जुनंच होतं, पथ्यही जुनंच. डॉक्टर बाबांच्या पापण्या वर करून हसले, "उठला वाटतं जागल्या." नानांनी पारावर जाहीर केलं, माझी माळ. पण वांगी घेईना कोणी, नानासुद्धा.

*

माझं डोकं फिरलं. तसलीच ओली माळ आणून मी मळ्यातल्या बुजगावण्याच्या मडक्यावर ठेवली. मुळ्या वाळून आकसल्या, गाठी सैल झाल्या, माळ कमरेला आली. मी अख्खा पार मळ्यात बोलावला.

"पाहा नाना. याले कुठं कावीळ होती?"

नानांनी माळ बोटाने उचलून पाहिली. मग म्हणाले, "होती म्हणूनच तर उतरली ना!"

पार एकमुखाने म्हणाला, "हाव."

मी तिथेच मातीत बसलो.

*

पुढच्या बाजारच्या दिवशी सकाळी मळ्यात गलका ऐकू आला. बुजगावण्याला कोणी शेंदूर लावला होता. अमडापूरहून बैलगाडी आली होती, तिच्यात दोन पिवळी माणसं. बायका पाया पडत होत्या, आणि परतताना ओटीभर वांगी घेत होत्या. आजार उतरवणाऱ्या मळ्यातली वांगी. रांगेत सगळ्यात पुढे नाना, हातात नारळ आणि रिकामी पिशवी.

मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी माझा दंड धरला. दीड वर्षानंतर त्या हातात जोर होता.

"गप बस बे," बाबा म्हणाले. "नानाले दोन किलो तोल. कवळे पाहून दे."