पानगळीत मथुराताई

मथुराताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बागेतच होते, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना खोडांच्या साली दाखवत. दोन दिवस त्या कामावर आल्या नव्हत्या आणि दोन्ही दिवस मी फोन करून विचारलं होतं. "थोडा ताप हाय. तू उगा काळजी करू नको," म्हणून त्यांनी फोन ठेवला होता. तिसऱ्या सकाळी त्यांच्या सुनेचा, वैशालीचा नंबर दिसला. "मॅडम, आई गेल्या," एवढंच ती म्हणाली. मुलं वह्या उघडून माझ्याकडे बघत होती… त्यांना मी काय सांगितलं ते आठवत नाही. त्याला आता पाच आठवडे होतील.

मथुराताई आमच्या कॉलेजच्या वनस्पती उद्यानात माळीकाम करायच्या. घणसोली गावातल्याच. उद्यान आहे तिथे पूर्वी त्यांच्या वडिलांची भातशेती होती, हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कधी मिरवलं नाही. मी साताऱ्याकडची. वडील मार्केटात माथाडी, घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिली. शिकवण्याची कंत्राटी नोकरी आणि ती जाईल ही धास्ती, दोन्ही मला एकाच दिवशी मिळाल्या.

माझ्या पहिल्याच डिसेंबरात कॉलेज तपासायला समिती येणार होती. प्राचार्य गॅलरीतून बागेकडे बघत म्हणाले, "मॅडम, ती वाळलेली झाडं काढून टाका. अवकळा आल्यासारखं दिसतंय." पाच झाडं होती, एकावरही पान नव्हतं. ती थंडीत पानं टाकणारी असावीत, अशी मला शंका आली होती. एम.एस्सी. झालेल्या माणसाला ती यायलाच हवी. पण नावांच्या पाट्या केव्हाच पडून गेलेल्या, आणि साहेबांना नाही म्हणायचं कसं… मी पाचही झाडांची यादी केली आणि सही करून दिली. मथुराताईंना विचारलंसुद्धा नाही.

शनिवारी सकाळी झाडं तोडणारे आले. मी पोचेपर्यंत पाचांतली सोनसावर आडवी झाली होती. मथुराताई बुंध्यापाशी उकिडव्या बसल्या होत्या. कापल्या जागेवरून बोट फिरवून त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. त्यावर चिकट ओल होती.

"यादी कोनी दिली?"

"मी."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "चल," एवढंच म्हणाल्या. माणसं चहाला बसली होती, तेवढ्या वेळात त्यांनी मला बाग फिरवली. कांडोळाच्या पांढऱ्या, गुळगुळीत खोडावर माझा हात ठेवला. काटेसावरीच्या फांद्या कशा मजल्यामजल्याने आडव्या निघतात ते दाखवलं, टोकाच्या गोल कळ्या दाखवल्या. शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत होत्या. पांगाऱ्याखाली थांबून त्या म्हणाल्या, "पावसात नुसता हिरवा गोंधल असतो. झाड कसं बांधलंय ते आता दिसतं. बग तरी." मी बघत होते, पण कान त्या माणसांकडे. कप खाली ठेवल्याचा आवाज आला की मी वळून बघायचे.

"आता तू सायबाला सांग," मथुराताई म्हणाल्या. "माजं कोन आयकनार?"

मी जिना चढून वर गेले. "सर, यादी चुकली. माझीच चूक. झाडं जिवंत आहेत." प्राचार्यांनी यादी काढून माझी सही बघितली. मग म्हणाले, "समितीने विचारलं तर?" "मी सांगेन, सर." उरलेली चार झाडं वाचली. समिती आली, चहा पिऊन गेली, बागेकडे फिरकलीसुद्धा नाही. माझं कंत्राट वाढल्याचं पत्र मात्र दोन महिन्यांनी आलं, आणि तोवर मी रोज सकाळी नोकरी गेली असं धरूनच उठत होते. सोनसावरीचा बुंधा मथुराताईंनी उपटू दिला नाही. जूनमध्ये त्याला दोन फुटवे आले तेव्हा त्यांनी मला वर्गातून बाहेर बोलावलं, ते दाखवले, आणि पुन्हा कामाला लागल्या.

त्यानंतर दर थंडीत, तास सुरू व्हायच्या आधी, आम्ही दोघी चक्कर मारायचो. पानं गेली की बागेची आखणी उघडी पडते. एकदा त्यांनी विचारलं, "या वाटा वाकड्या का, ठाव हाय?" मला वाटायचं, आखणाऱ्याची हौस. "आमचे बांध हायत ते. बाबा यावरूनच चालायचा." तेव्हापासून मला झाडांमधून भाताची खाचरं दिसायला लागली. एवढं सुंदर सगळं समोर असताना मी मात्र दरवर्षी तेच विचारायचे, "ताई, यंदा पालवी येईल ना?" त्या हसायच्या. "तुजा जीव सदा टांगनीला. झाडाला ठाव असतं कदी यायचं ते." त्यांना कशाचीच भीती वाटत नाही, असं मी धरून चालले होते. गेल्या नोव्हेंबरात त्या खोकत होत्या. डॉक्टरकडे चला म्हटलं तर, "बी गोला करून झाल्यावर जाऊ." मी आणखी हट्ट धरायला हवा होता… त्यांच्या निर्धास्तपणावर मी विसंबून राहिले.

बाराव्यानंतर वैशालीला भेटायला गेले. गावठाणातलं चिंचोळं घर, वरच्या खोल्या भाड्याने दिलेल्या. गच्चीत एकही कुंडी नव्हती. मला नवल वाटलं.

"आई लावू द्यायच्या नाहीत," वैशाली म्हणाली. "म्हणायच्या, आहेत तेवढ्यांचंच टेन्शन पुरे."

"टेन्शन? ताईंना?"

"डिसेंबर लागला की त्यांचं जेवण निम्मं व्हायचं, मॅडम. पानं परत येतात का, कोणी तोडायला येतं का, हेच डोक्यात. रविवारीपण जायच्या."

"रविवारी तर बाग बंद असते."

"हो ना. बाहेरून बघून यायच्या."

गेल्या रविवारी मी गेले. फाटकाला कुलूप होतं. कुंपणभिंतीच्या कडेने मागच्या बाजूला वळले, तिथे दोन विटांवर एक सपाट दगड भिंतीला टेकवून ठेवलेला दिसला. भोवती गवत माजलं होतं, दगड तेवढा स्वच्छ. मथुराताई ठेंगण्या, त्यावर चढल्याशिवाय त्यांना आतलं काही दिसलं नसतं. मला दगडाची गरज नव्हती. तरी मी चपला काढल्या, वर चढले, आणि एकेक झाड नीट बघून घेतलं.