रेषेआधीचा भंडारा

माझी धाकटी जाऊ श्रेया आता शर्यतींत उतरत नाही. तिची सायकल पडवीत उभी असते आणि हँडलला लेकीचं दप्तर लटकतं.

तिचं माहेर मढचं. वडील सयाजींची भातखाचरं ओढ्यापलीकडे, त्यामुळे पावसाळ्यात सायकल खांद्यावर टाकून निसरड्या बांधावरून जाणं तिला लहानपणापासून सवयीचं. पुढे चिखलातल्या सायकल शर्यतींत हेच कामाला आलं. तिथे आडवे ओंडके, खड्डे आले की उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची आणि पळायचं. बाकीच्या मुली सायकल उचलेपर्यंत ही पलीकडे पोचून पुन्हा पायडल मारत असायची. त्यातली पदकं घरात आली. डांबरी रस्त्यावर मात्र कायम दुसरा नाहीतर तिसरा नंबर. लग्न झालं, मुलगी झाली, गुडघा कुरकुरू लागला, तरी पहाटेचा सराव तिने सोडला नाही. शेवटी डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा तिने ठरवलं की रस्त्यावरची एक शर्यत जिंकायची आणि थांबायचं.

हंगामातली शेवटची शर्यत नेमकी आमच्या बेल्ह्यात संपणार होती. सगळं गाव रस्त्यावर आलं. आमचे चुलत सासरे सावळेराम तात्या यांचा उभा जन्म बैलगाडा शर्यतींत गेलेला. गाडा निशाणाकडे आला की हळदीचा भंडारा उधळायचा, हा त्यांचा नेम. दोन पिशव्या भरून आणल्या होत्या त्यांनी. तिला रेषा तरी ओलांडू द्या, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "सूनबाई, मला शर्यत शिकवू नगं."

श्रेया वळणावरून एकटीच आली. मागची मुलगी बरीच लांब होती. रेषा समोर दिसत होती आणि तात्यांचा हात सुटला. रस्ता पिवळा झाला. डोळ्यांत हळद गेलेली श्रेया रस्त्याकडेच्या कठड्यावर आदळली. कोपर सोललं, साखळी तुटून लोंबायला लागली. मागची मुलगी जवळ येत होती.

श्रेयाने बाहीने डोळे पुसले, सायकल खांद्यावर टाकली आणि लंगडत का होईना, पळत सुटली, मढच्या बांधावरून पळावं तशी. मागच्या मुलीच्या चाकभर आधी तिने रेषा गाठली.

पंच बराच वेळ आपसांत बोलत राहिले. सायकल सोबत असेल तर पायी रेषा ओलांडलेली चालते, असा नियम निघाला. पहिली श्रेयाच.

तात्या एका टेम्पोच्या आडोशाला जाऊन बसले होते. पुढच्या वर्षी सायकलीला बैलच जुंपा, असं कुणीतरी त्यांना टोचलंही. श्रेया लंगडत त्यांच्यापाशी गेली.

"तात्या, दुसरी पिशवी शिल्लक हाय का?"

"हाय की. पर आता कशाला, पोरी?"

"आता टाका. रेषा झाली माझी."

तात्या उठले. पिशवीची गाठ त्यांना लवकर सुटेना.

"आदी डोळे मीट," ते म्हणाले, आणि अख्खी पिशवी तिच्या डोक्यावर उपडी केली.