लोंबते धागे

आरमोरीचा देवाजी मेश्राम म्हणजे जाळ्याचा माणूस, ढिवराच्या घरचा. वैनगंगेत उतरायचं आणि घरी बसून जाळी विणायची, बापाने एवढंच शिकवलं. एखादा धागा लोंबता दिसला की बाप बोटांवर सपकन छडी मारायचा. पुढे बाजारात यंत्राची जाळी आली आणि देवाजीला कोणी हिंग लावून विचारेना!

दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या एका व्यापाऱ्याने त्याला नवं काम दिलं. परदेशात ट्राऊट नावाचा मासा गळाला लागावा म्हणून खोट्या माश्या बांधायच्या. एवढासा गळ पाटाला आवळलेल्या चिमट्यात, शिकंज्यात, धरायचा, त्यावर दोरा, पिसं, केस गुंडाळायचे. तो मासा देवाजीने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पण माशी अशी बांधायचा की बायको, वच्छला, खरी समजून हाताने हाकलायची.

या खेपेचा नमुना निराळा होता. पाण्यातून अर्धीच वर आलेली, अजून कात न सुटलेली माशी. कातीचे म्हणून मागे चार धागे लोंबते ठेवायचे, म्हणजे तिचं बूड पाण्यात राहतं. जमलं तर काम चालू, नाहीतर कायमचं बंद.

देवाजीने पन्नास बांधल्या. व्यापाऱ्याकडची निशा तपासायला आली. तिने पेलाभर पाण्यात एक सोडली, तर ती अख्खी वर तरंगली. दुसरीही तशीच. पन्नासच्या पन्नास बिनशेपटाच्या!

"देवाजीभाऊ, धागे काऊन कापले?"

"म्या? मले तं आठवतबी नाई." त्याचं तोंड एवढंसं झालं.

पोरगी मनाची चांगली होती. म्हणाली, "एक माह्यासमोर बांधा. मी साहेबाले सांगून पाहते."

वच्छला चूल सोडून दारात आली. देवाजीने गळ बसवला, दोरा गुंडाळला, पिसं लावली. "धागे ठेवाचे हायेत, ठेवाचे हायेत," तो पुटपुटत होता. शेवटची गाठ बसली. चारही धागे मागे लोंबत होते. जमली होती हो! पण जित्याची खोड ती. गाठ बसताच उजव्या हाताने कात्री उचलली आणि कच्चकन चारही छाटले.

देवाजी पाटावर पडलेल्या धाग्यांकडे बघत राहिला. पंचावन्न वर्षांचा बाप्या, पोरीसमोर ढसाढसा रडला.

"बापानं हात असेच घडवले, वच्छले. आता दुसरे कुठून आणू?"

निशाने पाटाला आवळलेला शिकंजा सोडवला आणि पिशवीत टाकला. तो व्यापाऱ्याचाच होता.