लाल लोकरीचं पाणी

लाल लोकर पुन्हा एकदा पाण्यात पडली तेव्हा काकांनी बादलीच्या काठावर दोन्ही हात टेकले आणि तसेच वाकून उभे राहिले. कंबर सरळ करायची म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागे, आणि आज ती होत नव्हती. पाणी कोमट होतं, त्यात थोडं व्हिनेगर होतं, लड न पिळता अलगद सोडलेली होती. सगळं काकू सांगत तसं. तरीही थोड्या वेळानं मागून आवाज आलाच.

"रंग सोडतेय अजून."

"कुठे सोडतेय? पाणी पाण्यासारखं दिसतंय."

"पांढऱ्या वाटीत घेऊन बघा."

काकांनी वाटी आणली, पाणी घेतलं, खिडकीपाशी नेलं. मनात धरलं तर दिसेल आणि नाही धरलं तर दिसणार नाही, इतपत गुलाबी छटा होती. "आहे थोडा," ते म्हणाले. वाद घालायला लागणारा दम त्यांच्यापाशी शिल्लक नव्हता.

काकांची सगळी नोकरी बसस्थानकाच्या घोषणेच्या खोलीत गेली. खोली कसली, कपाटच ते. एक माइक, एक पंखा आणि काचेपलीकडे ताटकळलेली माणसं. "गाडी उशिरा सुटेल, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत," हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं, की स्वतः न केलेल्या गुन्ह्याची माफी मागणं त्यांच्या स्वभावातच मुरलं. दिवसभर बोलून घरी आलेला माणूस घरी काय बोलणार? लग्न नवीन होतं तेव्हा नवरा असा मुकाट बसलेला पाहून काकूंनी त्यांचे दोन्ही हात समोर धरायला लावले आणि त्यांवर लोकरीची लड चढवली. "बोलत नाही ना, मग निदान धरा." काका म्हणत, त्या दिवशी वर गेलेले हात अजून खाली आलेले नाहीत.

लोकांना वाटतं, विणकाम सुयांपासून सुरू होतं. एकरंगी स्वेटर असेल तर तसं म्हणता येईल. पण चार रंगांची नक्षी घालायची तर अर्धं काम सुया हातात घ्यायच्या आधीच असतं. लडी सोडवायच्या, त्यांचे गुंडे करायचे, आणि तेही सैल. गुंडाळताना आपली चार बोटं आत ठेवायची, मग ती अलगद काढून घ्यायची, म्हणजे धाग्याला श्वास घ्यायला जागा राहते. घट्ट गुंडाळला तर धागा ताणून बसतो, आणि विणून धुतला की आक्रसतो. रंग शेजारी शेजारी ठेवून अर्धवट डोळे मिटून बघायचे. दोन रंग सारखेच गडद असले, तर एक निळा आणि एक हिरवा असूनही नक्षी लांबून दिसतच नाही. आणि लाल रंग आधी धुऊन धुऊन थकवायचा, कारण त्याच्या शेजारी पांढरा बसणार असतो. विणून झाल्यावर लाल फुटला, तर महिन्यांची मेहनत एका धुण्यात पाण्यात. "जे व्हायचंय ते पहिल्या टाक्याच्या आधी होऊ दे," असं काकूंचं म्हणणं होतं. ही सगळी आधीची कामं काकांची, आणि नंतरची काकूंची. जो स्वेटर बाहेर जाई, त्याचं कौतुक अर्थातच काकूंचं. काकांची त्याला कधी हरकत नव्हती.

आताचा स्वेटर धाकट्या लेकीच्या बाळासाठी होता. थोरलीच्या दोन्ही मुलांना आणि मुलाच्या मुलीला काकूंनी छातीवर डोंगरांची रांग असलेले स्वेटर विणून दिले होते. पांढऱ्यावर लाल, निळे, हिरवे डोंगर. मुलं वाढली, स्वेटर तोकडे झाले, तरी कुणी टाकले नाहीत. धाकटीच्या वाट्याला मात्र जन्मभर उरलंसुरलंच आलं. कपडे थोरलीचे, सायकल भावाची, आणि तिची कॉलेजची वर्षं आली तेव्हा आईवडिलांचा उत्साहही वापरून झालेला. तिचं लग्न उशिरा झालं, मूल त्याहून उशिरा. तिनं फोनवर, "आई, आमच्या पिल्लालाही डोंगरांचा स्वेटर हवा," असं म्हटलं, तेव्हा काकू क्षणात म्हणाल्या, "करते की. न करायला काय झालं?"

त्याला आता बरेच आठवडे झाले होते, आणि सुया अजून डब्यातून बाहेर आल्या नव्हत्या.

आधी निळा आणि हिरवा सारखेच गडद निघाले. काका धाग्याचा तुकडा घेऊन दुकानात गेले आणि फिका हिरवा घेऊन आले. तो फारच फिका निघाला. पुन्हा गेले. लोकरवाला त्यांना बघताच म्हणाला, "काका, काकूंनाच घेऊन या की. मी त्यांच्यासाठी खुर्ची ठेवतो, तुमच्या खेपांसाठी तर नवं पायताणच ठेवावं लागेल." मग पांढऱ्या लडींत एक लड अंमळ पिवळसर आहे, असं काकूंना वाटू लागलं. तीही बदलून झाली. आणि आता हा लाल. रोज भिजवायचा, टॉवेलमध्ये दाबायचा, सावलीत वाळवायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई ड्यूटीला जायला उतरताना गॅलरीत रोज तीच लाल लड लटकलेली बघत. "काका, आमच्या वॉर्डातही एवढं रक्त धूत नाहीत हो," त्या म्हणाल्या, आणि काका बळेच हसले. पालथ्या घड्यावर पाणी ओतण्याची नोकरी जन्मभर केली असती, तर निदान सवय तरी झाली असती, असं त्यांच्या मनात आलं.

त्या दिवशी वाटी खाली ठेवताना त्यांच्या पाठीतून कळ गेली, आणि जे एरवी कधी तोंडून निघालं नसतं ते निघालं.

"मला तर वाटतं, लोकरीत काही दोष नाही. तुझंच आपलं चाललंय, नाचता येईना अंगण वाकडं."

म्हणून झालं आणि ते थांबले. आता व्याजासकट परत मिळणार, याची त्यांना खात्री होती. काकूंच्या जिभेपुढे बसस्थानकातले हमालही गप्प बसत. पण काकू काहीच बोलल्या नाहीत. दारात उभ्या होत्या, तशाच स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळानं आतून नळाचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला, कारण नळ बंद होत नव्हता. काका उठून आत गेले. काकू तळहातानं नळ फिरवत होत्या. बोटांनी नाही, तळहातानं.

"सरक," काका म्हणाले आणि त्यांनी नळ बंद केला.

त्यानंतर काकांनी मुद्दाम असं काही पाहिलं नाही. पण एकदा डोळे उघडल्यावर न दिसण्याची सोय राहत नाही. काकू चहाचा कप दोन्ही हातांच्या ओंजळीत धरत होत्या. थंडीमुळे असेल म्हणून काका ते सोडून देत आले होते. डब्याची झाकणं आताशा अर्धवटच लावलेली असत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, काका दूध घेऊन परत आले तेव्हा काकूंची पाठ दाराकडे होती. सुयांचा डबा उघडा होता. त्यांनी एक सुई उजव्या हातात धरली, डावीवर टाका चढवायला धागा ओढला, आणि सुई निसटून फरशीवर वाजली. त्यांनी ती उचलली. ती पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा त्यांनी ती उचललीच नाही. काका दूध हातात धरून दोन पायऱ्या खाली उतरले, आणि मग खोकत खोकत वर आले.

आता काय करावं, हे त्यांना सुचेना. विचारावं, तर काकूंनी इतके आठवडे जे पाण्यात बुडवून ठेवलं होतं, ते वर यायचं. न विचारावं, तर लाल लोकर मरेपर्यंत धुवावी लागायची. आणि धाकटीला कोण सांगणार? थोरलीला नाही म्हणता आलं असतं, मुलाला आलं असतं. धाकटीला नाही म्हणायचं म्हणजे तिनं जे मनात जन्मभर धरलं, त्यावर आपल्या हातानं शिक्का मारायचा.

त्यात त्याच दिवशी लाल लोकरीनं हार मानली. वाटीतलं पाणी स्वच्छ होतं. काकांनी पांढरं फडकं ओल्या लडीवर दाबून बघितलं, तेही पांढरंच राहिलं. काकूंनी फडकं उलटंसुलटं करून पाहिलं, खिडकीत नेलं, परत आणलं.

"झालं म्हणायचं," त्या म्हणाल्या. आनंद कसा तो नव्हता त्या आवाजात.

लड वाळली तशी काकांनी ती खुर्चीच्या पाठीवर चढवली आणि गुंडा करायला बसले. काकू आत पडल्या होत्या. गुंडाळता गुंडाळता काकांनी आपली चार बोटं बाहेर काढली आणि धागा ओढून ओढून घट्ट गुंडाळू लागले. हात ऐकत नव्हता. त्याला सैलची सवय. जबरदस्ती करावी लागली. संपूर्ण लड संपली तेव्हा हातात लाल दगड होता. तो त्यांनी टेबलावर बाकीच्या गुंड्यांशेजारी ठेवला आणि वाट बघत बसले. हा सोडवायचा, पुन्हा भिजवायचा, वाळवायचा, म्हणजे आणखी दोन-तीन दिवस तरी काकूंना सुया हातात घ्याव्या लागणार नाहीत. त्यापुढचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

काकू उठून आल्या. त्यांनी गुंडा दोन्ही तळव्यांत घेतला आणि दाबला.

"हा तुम्ही केलात?"

"हो."

"बोटं आत घातली नाहीत."

"विसरलो."

"विसरलात," काकू म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या. "अहो, लग्न झालं तेव्हा तुम्हाला लोकर का लोणी कळत नव्हतं, तेव्हासुद्धा असला गुंडा तुम्ही केला नव्हता."

काकांनी टेबलावरचे बाकीचे गुंडे उगाच ओळीत लावले.

"कधी कळलं?" काकूंनी विचारलं.

"अंगण वाकडं म्हणालो तेव्हा. तू काही बोलली नाहीस."

"काय बोलणार? खरंच होतं." काकूंनी गुंडा खाली ठेवला. "आणि तुम्ही मला सवलत देताय. गाडी उशिरा सुटेल, दिलगीर आहोत."

काकांना हसू आलं आणि ते त्यांनी आवरलं. "धाकटीला मी सांगतो," ते म्हणाले.

"नको. तुम्ही सांगितलंत तर ती फलाटावर उभी राहून वाट बघत बसेल. मी सांगते. लावा फोन."

काकांनी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि टेबलावर ठेवला. बाळ मागे कशासाठी तरी भोकाड पसरत होतं. काकूंनी हवापाण्याचं काही विचारलं नाही.

"स्वेटर व्हायचा नाही ग माझ्याच्यानं. हात चालत नाहीत."

पलीकडे बाळाचं रडणं जरा लांब गेलं.

"मला माहीत आहे, आई," धाकटी म्हणाली. "मागच्या वेळी आलीस तेव्हा संत्रं सोलायला माझ्याकडे सरकवलंस. पिल्लाच्या बटणांना हात लावला नाहीस. तू मुलांची बटणं दुसऱ्याला लावू देतेस का कधी?"

"मग मागितलास कशाला?"

"सगळ्यांना विणून दिलास. मी मागितला नसता तर तू विचारलं असतंस, तुला का नको म्हणून. काय सांगणार होते मी? वाटलं, तू आपणहून नाही म्हणशील."

"तुला नाही म्हणू?" काकूंचा आवाज खाली गेला. "तुला तसंही सगळं कमीच पडलं. वाटलं, एवढं तरी सगळ्यांच्या बरोबरीनं मिळावं."

"तसं काही नाही, आई."

"आहे. मला ठाऊक आहे."

काकांना वाटलं, फोन कापला गेला.

"थोडं पडलं," धाकटी म्हणाली.

काकूंनी मान हलवली. पलीकडे ती दिसणार नव्हती, तरी बराच वेळ हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "लोकर आहे सगळी तयार. तुझ्या बाबांनी धुऊन धुऊन जीव काढलाय तिचा. काय करू तिचं?"

"राहू दे ग. बघू नंतर. हा कशाला रडतोय बघते, मग करते फोन."

फोन बंद झाला. टेबलावर पांढरा, निळा, हिरवा आणि तो दगडासारखा लाल, असे गुंडे होते. कुणी त्यांना हात लावला नाही. काकूंनी डोकं खुर्चीच्या पाठीला टेकलं आणि डोळे मिटले. फार लांबून चालत येऊन बसल्यासारख्या दिसत होत्या. काकांना उठून चहा ठेवावासा वाटत होता, पण पाय तयार नव्हते, तेव्हा तेही तसेच बसून राहिले.

"फार दुखतं का?" त्यांनी विचारलं.

"सकाळी जास्त. दुपारनंतर चमचा धरता येतो."

"उजवा जास्त की डावा?"

"उजवा," काकू म्हणाल्या, आणि डोळे न उघडता तो त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला.